आमच्याकडे कुणी धावत नाही

आमच्या निपाणीच्या बाजूला कुणी धावत नाही. सगळे पळतात. माणूस पळतो, बैल पळतो, वाऱ्यानं ढग पळतात, काढा घेतला की ताप पळतो. धावायचं काम देवाकडं. अमक्याच्या हाकेला देव धावला, असं शेजारचे लोक सांगायचे. आम्ही जैन. आमचे भगवान एक तर उभे नाही तर बसलेले. त्यांना कुठं जायची घाई नाही. त्यामुळं आमच्या घरात तो शब्द कधी लागलाच नाही.

मी मराठी चौथीपर्यंत शिकले. शाळेत एकदा मास्तरांनी हरणावर चार ओळी लिहायला सांगितल्या. मी लिहिलं, हरीण लई पळतं. मास्तरांनी 'लई' खोडलं आणि 'पळतं'ही खोडलं. म्हणाले, "हरीण धावतं. भितो तो पळतो. लक्षात ठेव."

मी म्हटलं, "मास्तर, शर्यतीचे बैल कुणाला भित्यात?"

मास्तरांनी मला कोपऱ्यात उभं केलं. पण उत्तर दिलं नाही. ते अजून कुणी दिलेलं नाही.

हा शब्द आमच्या गावात मिठासारखा सगळ्यात पडायचा. सकाळी आई म्हणायची, "पळ, उन्ह वर आलं." म्हणजे ऊठ. थाप मारली की मैत्रीण म्हणायची, "पळ तिकडं!" म्हणजे मला शिकवू नकोस. गणित येईना झालं की, "हिचं डोकं पळत न्हाय." जेवताना वाईट बातमी आली की भूक पळायची. बैलाच्या बाबतीत 'पळतो' म्हटलं की मालकाची छाती फुगायची आणि लोक त्या बैलाच्या पाठीवरून हात फिरवून जायचे. हाच शब्द पोरीला लावला की तिची आई मान खाली घालायची. मला हे कधी पटलं नाही. बैलाला चार पाय म्हणून कौतुक, आणि पोरीला दोन म्हणून शिव्या.

माझी थोरली बहीण पळायची. आम्ही तिला आक्का म्हणायचो. तिला चालता येत नव्हतं असं नाही, पण चालायचा तिला कंटाळा यायचा. विहिरीवर पळत, रानात भाकरी घेऊन पळत, पिठाच्या गिरणीला पळत. डोक्यावर भाकरीची बुट्टी असली तरी पळत, आणि बुट्टीला हात न लावता. वासरू सुटलं की लोक आप्पांना, म्हणजे आमच्या वडलांना, हाक मारायचे नाहीत. आक्कालाच हाक मारायचे.

त्यामुळं तिचं लग्न राहिलं. तिला अठरावं लागलं होतं. त्या काळी अठरा वर्षांची पोर बापाच्या घरात म्हणजे बापाला झोप नाही. दोन ठिकाणची माणसं बघून गेली होती. एकांनी निरोप दिला, पोरगी चांगली आहे पण बाईमाणसासारखी चालत नाही. दुसऱ्यांनी निरोपच दिला नाही. माझ्या मागं आणखी एक बहीण होती. आप्पा उघड काही बोलत नसत, पण संध्याकाळी आक्काकडं बघून सुस्कारा टाकत, आणि आक्का तो सुस्कारा ऐकू येऊ नये म्हणून पाण्याला निघून जाई. पळतच.

पौषात तिसरं स्थळ आलं. चिकोडीच्या पलीकडचं, घरात कानडी बोलणारं. मराठी त्यांना येई, पण जिभेला खडे लागल्यासारखं. मुलाचा बाप आला होता आणि मुलाची आजी. ती म्हातारी म्हणजे त्या घरातली शेवटची कोर्टकचेरी. तिनं हो म्हटलं तर हो. मुलगा स्वतः मुलगी बघायला येण्याची तेव्हा रीत नव्हती, म्हणून तो गाडीवान होऊन आला होता. डोक्याला जुनं मुंडासं बांधून तो बाहेर बैलांपाशी बसला आणि मिनिटामिनिटाला उंबऱ्यातून आत बघत होता. हा गाडीवान कोण ते आमच्या मांजरालासुद्धा कळलं होतं. पण सगळ्यांनी कळलं नाही असं दाखवलं.

आईनं त्या दिवशी आक्काला आपलं शहापुरी लुगडं नेसवलं होतं. तेवढं एकच चांगलं लुगडं घरात. नेसवताना दम दिला, "आज पळालीस तर तंगडी मोडून हातात दीन. मुंगीसारखी चाल."

"मुंगी बी पळतीच की आई."

"तोंड बंद. आज मुकी हो."

चुलीवर मोठ्या पातेल्यात गव्हाची खीर शिजली होती. पाहुण्यांना त्याच दिवशी परत जायचं होतं. दिवस असेपर्यंत जेवायचं आणि मावळतीला गाडी जोडायची, असं ठरलं होतं. आम्ही दिवस मावळल्यावर जेवत नाही, आणि ती म्हातारी तर त्यात फार कडक. सकाळी घरून दूध पिऊन निघाली होती, वाटेत पाण्याचा थेंबही नाही. आता दिवसात जेवली नाही तर दुसऱ्या दिवशी ऊन पडेपर्यंत उपाशी. बघायला आलेली म्हातारी आमच्या दारातून उपाशी गेली असती तर सोयरिकीचं नाव काढायची सोय नव्हती.

आक्का पाण्याचा तांब्या घेऊन आली. ठेवला. म्हातारीनं तिला खालपासून वरपर्यंत बघितलं. मुलाचा बाप म्हणाला, "जरा चालू दे बघू." मुलगी लंगडत नाही ना, हे बघायची ती पद्धत. आईनं डोळे मिटले. आक्कानं पहिलं पाऊल टाकलं, इतकं हळू की मला वाटलं हिच्या पायात काटा आहे.

तेवढ्यात दार आपटलं. वारा आला आणि त्याच्यामागून माळावरून हाक आली, "पळाऽऽ! पळाऽऽ!"

आमच्या भागात त्या दिवसांत या हाकेचा अर्थ एकच. तंबाखू कापून रानात वाळत पडलेली असते. तिच्यावर पाणी पडलं की पान काळं होतं, वास जातो, आणि वर्षभराचं पीक शेणाच्या भावात जातं. म्हणून आभाळ आलं की ज्याला आधी दिसेल तो ओरडतो, आणि गाव पळतं. तंबाखू कुणाची हे विचारायचं नाही. आपलं भांडण असलं तरी जायचं. मयताला गेलं नाही तर चालेल, पण या हाकेला घरात बसलेला माणूस पुढं गावात तोंड दाखवू शकत नसे.

आप्पा उठले आणि तसेच उभे राहिले. दारात पाहुणे, माळावर तंबाखू. पाहुण्यांना सोडून जावं तर अपमान, बसून राहावं तर वर्ष बुडालं. त्यांचा एक पाय उंबऱ्याकडं होता, एक जाजमावर.

पाहुणेही तंबाखूचेच शेतकरी. मुलाच्या बापानं आभाळाकडं बघितलं, कोट काढून खुंटीला अडकवला आणि बैल हाकावा तसा ओरडला, "ओड्री! ओड्री!" कानडीत पळा. आणि आमच्या आप्पांच्या आधी हा पाहुणाच दाराबाहेर. मागं आप्पा, त्यांच्यामागं गाडीवान.

आक्का खोलीच्या मधोमध उभी होती. तिनं आईकडं बघितलं. आईनं म्हातारीकडं बघितलं, मग आभाळाकडं, आणि म्हणाली, "बघतीस काय मेले? पळ!"

आक्कानं पदर खोचला आणि गेली. आईही गेली. मला सांगितलं, आजीजवळ बस. पण म्हातारी बसणारी नव्हती. काठी घेऊन उठली, माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाली, "नडी." म्हणजे चल. तिचा हात वरवंट्यासारखा जड. आम्ही दोघी रेटत रेटत माळापर्यंत पोचलो तोवर निम्मं काम झालं होतं. बांधावर दगड होता, त्यावर ती बसली.

माणसं गोणपाटाची चवाळी पसरून त्यात तंबाखू भरत होती, डोक्यावर घेऊन खोपीत, म्हणजे रानातल्या झोपडीत, नेऊन टाकत होती आणि मोकळ्या हातानं परत पळत होती. अर्धवट वाळलेल्या पानाला चीक असतो. हात, कपाळ, मान, सगळं काळं आणि चिकट. आक्का भरल्या ओझ्यानं इतरांच्या मोकळ्या चालीपेक्षा जोरात जात होती. लुगडं गुडघ्याच्या वर, केस सुटलेले. शहापुरी काठ कुठला आणि चीक कुठला, कळत नव्हतं.

गाडीवान ओझं घेऊन सरीत अडखळला. आक्का बाजूनं जाताना ओरडली, "पाय उचला की वो गाडीवान! वरातीत चाललाय काय?"

तो म्हणाला, "जमीन तुमची बरी न्हाय. आमच्याकडं पाय अडकत न्हाय."

"नाचता येईना, अंगण वाकडं! बैलं तरी धडानं हाकता काय?"

बायका हसल्या. तो लाजला, पण त्यानं पाय उचलले. पुढच्या खेपेला तो तिच्या मागं लागला. तिच्या पुढं काही जाता आलं नाही.

म्हातारीनं डोळे बारीक करून विचारलं, "ती कोण गं पळती ती?"

मी म्हटलं, "ती आमची शेजारीण. आमची आक्का घरात हाय."

"अस्सं. मग तुझ्या आईनं शहापुरी लुगडं शेजारणीला दिलं व्हय?"

मी पायानं ढेकूळ फोडायला लागले. तिचं तोंड बघून मला काही कळेना. तोंडाला इतक्या सुरकुत्या की त्यात हसू असलं तरी सापडलं नसतं.

आमची तंबाखू आत पडली, खोपीवर गोणपाटं बांधली. मग लोक शेजारच्या रानात गेले, तिथून पुढच्या. पाऊस आला तो चार थेंब शिंपडून पुढं गेला. सगळे हसायला लागले, एकमेकांची काळी तोंडं बघून आणखी हसायला लागले. मुलाचा बाप आप्पांच्या पाठीवर थाप मारून म्हणाला, "पानाला रंग बरा हाय तुमच्या." चिकाचा पंजा आप्पांच्या सदऱ्यावर जसाच्या तसा उमटला.

आणि मग आई किंचाळली, "अगं बाई, जेवण!"

हसणं थांबलं. आभाळ सगळीकडून भरलेलं. दिवस ढगाच्या मागं होता की मावळला होता, कुणाला सांगता येईना. घड्याळ तर कुणाकडंच नव्हतं. मुलाचा बाप आईला म्हणाला, "आमचं असू दे वो, आम्ही एक रात काढू. पण अव्वा सकाळपासनं तशीच हाय." अव्वा म्हणजे त्याची आई, ती म्हातारी. घर गावाच्या पलीकडच्या टोकाला. माझ्या खांद्यावर रेटत म्हातारी माळावर पोचली तेव्हाच मला घाम फुटला होता. ती घरी पोचेपर्यंत मिट्ट काळोख झाला असता. गाडीवान म्हणाला, "अज्जीला मी पाठीवर घेतो."

"मी काय पोतं हाय?" म्हातारी म्हणाली.

आप्पा नुसते उभे. त्यांच्या तोंडावरून मला कळलं की तिसरंही स्थळ गेलं.

आक्का वळली आणि घराच्या वाटेनं सुटली. आईनं हाक मारली, "अगं कुठं?" ती ऐकायला जवळ नव्हतीच. म्हातारी जेवणाकडं जात नसेल तर जेवण म्हातारीकडं आणायचं, इतकी साधी गोष्ट. पण तिथं उभ्या असलेल्या एवढ्या डोक्यांपैकी एकाला ती सुचली नव्हती.

दिवस आहे की नाही हे ओळखायची आमच्याकडं एक जुनी रीत आहे. तळहात पुढं धरायचा. रेषा दिसतात तोवर जेवायला हरकत नाही. आप्पांनी तळहात धरला. काळा. पाहुण्यानं धरला, काळा. आईचा काळा, गाडीवानाचा काळा. चिकाखाली रेषा कुठल्या दिसणार? म्हातारीचा हात स्वच्छ होता, पण तिच्या डोळ्यांवर सारा आलेला; लांबचं लुगडं दिसायचं, जवळची रेघ नाही. तिनं माझं मनगट धरलं आणि माझा हात उलटा केला. ओझं मी उचललं नव्हतं, म्हणून माझा हात कोरा होता.

"तुझे डोळे चांगले. दिसत्यात रेषा?"

"व्हय."

"मघासारखं सांगू नकोस."

"आता खरं सांगते."

"मग बघत राहा. जातील तवा सांग."

मी बघत राहिले. सगळे माझ्याभोवती वाकले होते. आप्पा, पाहुणे, गावातली माणसं, बायका. कुणीतरी म्हणालं, "उजेड आडवू नका रं पोरीचा," तशी माणसं मागं सरली. बारीक रेषा आधी गेल्या. बोटांवरची पेरं एकमेकांत मिसळली. मग मधली रेघ पुसट झाली. मी कधी आयुष्यात माझ्या हाताकडं इतकं बघितलं नाही, त्या आधी नाही आणि नंतरही नाही. अंगठ्याभोवतीची जाड रेघ तेवढी उरली होती. मनात म्हणत होते, आक्का, पळ. आक्का, पळ.

"दिसती?" म्हातारी.

"एक दिसती."

गाडीवान बांधावर चढून वाटेकडं बघत होता. एकदम ओरडला, "आल्या! आल्या!" आपण गाडीवान आहोत हे विसरून दोन्ही हात हलवायला लागला.

आक्का आली. डोक्यावर खिरीचं पातेलं, वर झाकण, झाकणावर पाण्याचा तांब्या. हात लावलेला नाही. सरीवरून, ढेकळातून, तशीच पळत. आमच्या जवळ येऊन एकदम थांबली, पण तांब्यातलं पाणी हललं तेवढंच, सांडलं नाही. पातेलं उतरून म्हातारीपुढं ठेवलं आणि मग कपाळाला हात लावला. ताट आणायचं विसरली होती.

"झाकणी उलटी कर," म्हातारी म्हणाली.

झाकणी उलटी केली. आक्काचे हात काळे, म्हणून मी वाढलं. म्हातारीनं हात धुतले, डोळे मिटून काहीतरी पुटपुटली आणि पहिला घास घेतला. माळावर ती चावते आहे एवढंच ऐकू येत होतं.

"रेघ?" तिनं घास गिळून मला विचारलं.

"हाय अजून."

दुसरा घास तिनं कालवला आणि आक्काच्या तोंडापुढं धरला. आक्का बघतच राहिली. "आ कर," म्हातारी म्हणाली. "तुझे हात असले. कशानं जेवणार?" आक्कानं तोंड उघडलं. तिसरा घास मुलाच्या बापाला. मग आप्पांना. आप्पा इतके गोंधळले की परक्या म्हातारीच्या हातचा घास त्यांनी लहान पोरासारखा वाकून घेतला.

आक्का तोंड भरलेलंच असताना म्हणाली, "गाडीवानाला बी घाला की. लई राबलाय बिचारा."

आता कुणाला हसू आवरेना. म्हातारीनं नातवाला जवळ बोलावलं आणि घास देताना त्याच्या कानाला चिमटा काढला. तो कानापर्यंत लाल झाला असणार. चिकामुळं दिसलं नाही.

माझ्या हातावरची शेवटची रेघ गेली. मी सांगितलं. म्हातारीनं तोंडातला घास संपवला, पाणी प्यायली आणि झाकणी बाजूला सारली. पातेल्यात अजून पुष्कळ खीर होती. गावातल्या मराठ्यांना आणि धनगरांना दिवस मावळल्याचं काही नव्हतं. त्यांनी तंबाखूच्या हातांनीच ती खाल्ली आणि कडू लागते म्हणत पुन्हा पुन्हा खाल्ली.

आप्पा म्हातारीपुढं आले. हात जोडायचे होते, पण तळवे एकमेकांना चिकटतील म्हणून तसेच धरले. म्हणाले, "अव्वा, चाल बघायची राहिली पोरीची. घरी जाऊन..."

"चाल कशाला बघू?" म्हातारी म्हणाली. मग आक्काकडं वळली. "आमचा मळा घरापासनं लांब हाय. लई लांब. दुपारची भाकरी थंड होऊन पोचती. माझ्या सुना चालत जात्यात, आणि माझा ल्योक रोज बोंबलतोय. तू काय करशील?"

आक्कानं क्षणभर विचार केला. मला वाटलं आता तरी ही गोड बोलेल.

"बैलगाडी द्याल तर गाडीनं नेईन," ती म्हणाली. "न्हाय दिली तर पळीन."

"गाडी हाय," गाडीवान बोलून गेला.

"तुला कुणी विचारलं रं?" म्हातारी ओरडली. मग काठी टेकून उठली, आक्काच्या चिकट गालावरून आपला तो स्वच्छ हात फिरवला आणि तळव्याला लागलेला काळा डाग मुलाच्या बापाला दाखवला. "बघ. लागला. आता धुवून जातोय होय?" ती कानडीत आणखी काही म्हणाली. ते मला कळलं नाही. पण पाहुण्यानं आप्पांना मिठी मारली, आणि दोघांचे सदरे एकमेकांना चिकटले. सोडवताना आप्पांच्या सदऱ्याची बाही फाटली. आप्पा फाटक्या बाहीनं हसत राहिले, बराच वेळ, आणि आई त्यांना म्हणत होती, "आवो, पाहुण्यांना खोपीत तरी बसवा. नुसतं दात काय दाखवताय?"